एका रुपयाचे ज्ञानेश्वर, पाच रुपयांचे बसवेश्वर

गेल्या दिवाळीत माहेरी, निपाणीला गेले होते. लक्ष्मीपूजनाची तयारी चालली होती. पाटावर लाल कापड, त्यावर दुकानाची नवी वही, शेजारी केरसुणी, लाह्या-बत्तासे, आणि मधोमध पितळी ताटात आप्पांची नाणी. आप्पा जाऊन दहा-बारा वर्षं झाली, पण ते ताट दरवर्षी निघतंच. आई आधल्या दिवशी सगळी नाणी चिंचेच्या कोळात घालून घासते. नाणी जमवणाऱ्या माणसानं हे पाहिलं तर कपाळावर हात मारून घेईल, पण आईपुढे बोलणार कोण?

माझा भाचा नववीत आहे. तो ताटाजवळ बसून एकेक नाणं उलटसुलट करत होता. मधेच म्हणाला, "आत्या, ह्यातली चालतात कुठली गं?"

प्रश्न साधा होता. दुकानात त्याच्या बाबांच्या गल्ल्याशेजारी क्यूआर कोडचा फलक उभा आहे, स्वतः त्याच्या खिशात पाकीट नसतं. नाणं हा त्याच्या दृष्टीनं पूजेचा जिन्नस. मी एकेक नाणं बाजूला काढू लागले. "हे दहा पैशांचं, आता चालत नाही. हे पंचवीस पैशांचं, तेही नाही. हे आठाणे, कायद्यानं चालतात पण कुणी घेत नाही. हा रुपया चालतो, पण घालवायचा नाही. हे दहाचं चालतं, पण दुकानदार कुरकुरतो."

तो हसायला लागला. "मग काढली कशाला होती एवढी?"

त्या रात्री मी त्याला जे सांगितलं, ते तुमच्या घरातल्या त्याच्या वयाच्या मुलामुलींनाही सांगावंसं वाटलं, म्हणून हा लेख.

गल्ल्यातला नियम

आमचं किराण्याचं दुकान. आठवडी बाजाराच्या दिवशी तिथे उभं राहायला जागा नसायची. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायका, विड्या वळणाऱ्या बायका, कागलकडून आणि चिकोडीकडून आलेले शेतकरी. निम्मे मराठीत मागायचे, निम्मे कन्नडमध्ये. आप्पा ज्याला त्याला त्याच्या भाषेत उत्तर द्यायचे. संध्याकाळी गल्ला पाटावर पालथा व्हायचा आणि चाराणे, आठाणे, बंदे रुपये असे ढीग करायचं काम माझं आणि दादाचं.

त्या ढिगांत अधूनमधून वेगळं नाणं दिसायचं. एका बाजूला नेहमीचे सिंह, दुसऱ्या बाजूला कुणाचा तरी चेहरा नाहीतर एखादं चित्र. आप्पांचा नियम होता, "आवडलं तर ठेव. पण तेवढेच पैसे गल्ल्यात टाक." म्हणजे रुपयाचं नाणं ठेवायचं तर खाऊचा रुपया जायचा. त्यामुळे मी फार विचार करून नाणं ठेवायची. आणि एकदा ठेवलं की त्यावर काय आहे, का आहे, हे आप्पांना विचारून घ्यायची. शाळेच्या पुस्तकात नसलेला बराच इतिहास मला असा गल्ल्यातून मिळाला.

अशा नाण्याला स्मृतिनाणं म्हणतात. एखादी व्यक्ती, घटना, संस्था किंवा मोहीम लोकांच्या लक्षात राहावी म्हणून सरकार ते पाडतं. किंमत तीच, पण चित्र वेगळं. भारत सरकारच्या टांकसाळी नाणी पाडतात आणि रिझर्व्ह बँक ती चलनात आणते. टांकसाळी चार आहेत. नाण्यावर सालाच्या खाली बारकाईनं बघा. हिऱ्यासारखी चौकट असेल तर मुंबई, चांदणी असेल तर हैदराबाद, ठिपका असेल तर नोएडा, आणि काहीच नसेल तर कोलकाता.

सुरुवात

स्वतंत्र भारतात ही प्रथा 1964 साली सुरू झाली. त्या वर्षी मे महिन्यात पंडित नेहरू गेले आणि त्यांच्या स्मरणार्थ रुपयाचं आणि पन्नास पैशांचं नाणं निघालं. पन्नास पैशांच्या नाण्याचे तर दोन प्रकार होते, एकावर नाव इंग्रजीत आणि दुसऱ्यावर हिंदीत.

मग 1969 साली गांधीजींची जन्मशताब्दी आली. या वेळी वीस पैसे, पन्नास पैसे आणि रुपया यांच्या जोडीला दहा रुपयांचं चांदीचं नाणंही निघालं. पंधरा ग्रॅम वजनाचं, त्यात 80 टक्के चांदी. आमच्या ताटात ते आहे. आजोबांनी घेतलेलं. आईनं आजवर फक्त तेवढं एकच चिंचेत बुडवलेलं नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. एकाच प्रसंगासाठी दोन तऱ्हेची नाणी निघत. मोठं चांदीचं नाणं, हौसेनं घेऊन जपून ठेवणाऱ्यांसाठी. आणि लहान नाणं, बाजारात फिरण्यासाठी. सावकाराच्या तिजोरीत गांधी होते, तसे वखारीतल्या बाईच्या कनवटीलाही होते.

सत्तरच्या दशकात ही नाणी चक्क प्रचाराचं काम करू लागली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं जगभरच्या देशांना अन्नधान्याच्या विषयावर नाणी काढायला उत्तेजन दिलं होतं. भारतानं ते मनावर घेतलं. 1970 मध्ये सर्वांसाठी अन्न, 1973 मध्ये जास्त धान्य पिकवा, 1974 मध्ये नियोजित कुटुंब, 1979 मध्ये आंतरराष्ट्रीय बालवर्ष, 1980 मध्ये ग्रामीण महिलांची उन्नती. ही शेवटची आठवण मला फार आवडते. विड्या वळून आलेली बाई दुकानात चाराणे देऊन चहापूड घ्यायची, आणि त्या चाराण्यावर ग्रामीण बाईच्या प्रगतीचा संदेश असायचा. तिला तो वाचता येत होता की नाही, कुणास ठाऊक. पण तो तिच्या हातात होता.

भरतीची वर्षं

1982 साली दिल्लीत आशियाई खेळ झाले, तेव्हा जंतरमंतरचं चिन्ह असलेली नाणी आली. दोन रुपयांचं नाणं मी तेव्हाच पहिल्यांदा हातात घेतलं. 1985 मध्ये इंदिरा गांधींचं पाच रुपयांचं नाणं आलं. इतकं जड आणि मोठं की आप्पा गमतीनं म्हणायचे, तराजूत टाकलं तर वजनाचं काम करील. त्यानंतर जवळजवळ दरवर्षी काहीतरी नवं. 1987 मध्ये छोटा शेतकरी, 1988 मध्ये कोरडवाहू शेती, 1989 मध्ये नेहरूंची जन्मशताब्दी. 2003 मध्ये रेल्वेला दीडशे वर्षं झाली, तेव्हा दोन रुपयांवर हातात कंदील घेतलेला गार्डच्या वेशातला हत्ती आला. त्याचं नाव भोलू. दादाच्या थोरल्या मुलीला तो इतका आवडला, की महिनाभर दुकानातला एकही भोलू तिनं बाहेर जाऊ दिला नाही.

पण मला सांगायचं आहे ते आपल्या भागाबद्दल. पुढे कधीतरी मी ताटातली नाणी ओळीनं मांडली, तेव्हा ध्यानात आलं की यातली किती माणसं आपल्याच मातीवरून चालून गेलेली आहेत!

गांधीजी घ्या. काँग्रेसच्या ज्या एकमेव अधिवेशनाचं अध्यक्षपद त्यांनी भूषवलं, ते डिसेंबर 1924 मध्ये बेळगावात झालं. लोकमान्य टिळक घ्या. त्यांच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त 2007 मध्ये पाच रुपयांचं नाणं निघालं. त्यांनी होमरूल लीगची स्थापना केली ती 1916 साली, बेळगावातच. डॉ. बाबासाहेब आंबेडकर घ्या. त्यांच्या जन्मशताब्दीचं रुपयाचं नाणं 1990 सालचं. हे बाबासाहेब 1925 मध्ये बहिष्कृत वर्गाच्या परिषदेसाठी आमच्या निपाणीत आले होते. स्वामी विवेकानंदांचं पाच रुपयांचं नाणं 2013 सालचं. शिकागोला जाण्याच्या आदल्या वर्षी, 1892 च्या ऑक्टोबरात, ते बेळगावात येऊन राहिले होते, तेही सुरुवातीला भाटे या मराठी कुटुंबात.

2001 मध्ये भगवान महावीरांच्या 2600 व्या जन्मकल्याणकाचं पाच रुपयांचं नाणं आलं. आमच्या गल्लीतल्या जैन घरांतून त्या नाण्याची अशी मागणी, की आप्पांनी एक डबी वेगळीच ठेवली होती.

आणि 1999. त्या वर्षी दोन रुपयांच्या अकरा कोनांच्या नाण्यावर छत्रपती शिवाजी महाराज आले आणि रुपयावर संत ज्ञानेश्वर. 2002 मध्ये रुपयावर संत तुकाराम. आमच्या घरात तेव्हा दिवाळीसारखा आनंद झाला होता, हे सांगून आज कुणाला पटेल का? आपल्या भागात शिवरायांच्या काळापासून शिवराई हे तांब्याचं नाणं चालत असे. तिच्या एका बाजूला 'श्री राजा शिव' आणि दुसऱ्या बाजूला 'छत्र पति' अशी अक्षरं. इंग्रजी अमलातही ती बाजारात बराच काळ टिकून होती. आजीच्या डब्यातली एक झिजलेली शिवराई आप्पांनी त्या दिवशी काढली आणि नव्या दोन रुपयांच्या शेजारी ठेवली. बोलले काहीच नाहीत. नुसते बघत राहिले.

मामांची अदलाबदल

2006 सालचं पाच रुपयांचं नाणं महात्मा बसवेश्वरांचं. ते बाजारात आलं तेव्हाचा एक प्रसंग.

संकेश्वरकडच्या एका खेड्यातून एक म्हातारे लिंगायत शेतकरी आमच्याकडे माल न्यायला यायचे. आप्पा त्यांना मामा म्हणायचे, ते आप्पांना सावकार. एका दिवशी सुट्ट्या पैशांत त्यांच्या हातावर बसवेश्वरांचं नाणं पडलं. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेलं, कपाळाला लावलं, आणि विचारलं, "सावकार, आणखी आहेत?"

आप्पांनी गल्ला चाळून होती तेवढी, पाच-सहा नाणी काढून दिली. मामांनी पैसे मोजले. मग धोतराच्या सोग्यातली थैली उघडून त्यातला एक रुपया काढला. त्यावर ज्ञानेश्वर होते. "हे तुमचं. तुम्हाला ठेवा. आमचं आम्हाला."

आप्पा म्हणाले, "मामा, तुमचं आमचं काय? दोघंबी एकाच गल्ल्यात होते की."

मामा खळखळून हसले आणि रुपया आप्पांच्या हातात ठेवूनच गेले.

आपल्या सीमाभागात वाढलेल्या मुलांना वेगळं सांगायला नको, की इथे पाटी कुठल्या भाषेत असावी यावरून घरोघरी काय काय चर्चा झडतात. त्या प्रश्नाला आपली बाजू आहे, तिचा इतिहास आहे, आणि त्यासाठी लोकांनी सोसलंही आहे. ते खोटं नाही. पण गल्ल्यातलं हे दृश्यही खोटं नव्हतं. बसवेश्वरांच्या आयुष्यातली काही वर्षं ज्या मंगळवेढ्यात गेली, ते आज महाराष्ट्रात. ज्ञानेश्वरांनी ज्या विठ्ठलाला कानडा म्हटलं, तो पंढरपूरचा. या दोघांना वेगळं करायला सीमारेषा पुरी पडत नाही. बेळगावहून निपाणीला येताना बसमध्ये मिळालेल्या मोडीत पाचाचे बसवेश्वर आणि रुपयाचे ज्ञानेश्वर एकत्र यायचे, आणि तीच मोड पुढे कागल ओलांडून कोल्हापूरच्या एसटीत चालायची. कुणी भाषण न करता ही दोन नावं दोन्ही भाषांच्या माणसांच्या हातांत जात-येत होती. स्मृतिनाण्याचं खरं काम मला तिथे कळलं.

गर्दी आणि गोंधळ

पुढे काय बिघडलं?

पहिली गोष्ट, नाणी फार झाली. 2006 नंतर तर संस्था, महामंडळं, वर्धापनदिन, सगळ्यांची नाणी. वर्षाला एखादं नवं चित्र आलं तर माणूस थांबून बघतो. पाच-सहा आली की बघायचं सोडून देतो. त्यात नेहमीच्या नाण्यांचीही रूपं बदलत होती. आकार बदलले, धातू बदलले. एक आणि दोन रुपयांत घोटाळा होऊ लागला. 30 जून 2011 पासून पंचवीस पैसे आणि त्याखालची नाणी बंद झाली. बालवर्ष, ग्रामीण महिला, आशियाई खेळ यांची लहान नाणी एका दिवसात पैसे राहिली नाहीत.

दुसरी गोष्ट दहा रुपयांच्या नाण्याची. हे दोन धातूंचं, मधे पांढरं आणि कडेला पिवळं नाणं 2009 पासून चलनात आलं. 2011 मध्ये रुपयाचं नवं चिन्ह आलं, त्यामुळे काही नाण्यांवर चिन्ह आणि काहींवर नाही. त्यात स्मृतिनाण्यांची भर. 2015 मध्येच बाबासाहेबांची 125 वी जयंती, आंतरराष्ट्रीय योग दिन, गांधीजींच्या आफ्रिकेतून परतण्याची शताब्दी, अशी दहाची वेगवेगळी नाणी निघाली. मग अफवा उठली की दहाचं नाणं खोटं आहे. कुणी म्हणे दहा पट्ट्यांचं खरं, पंधरा पट्ट्यांचं खोटं. कुणी म्हणे चिन्ह नसेल ते घेऊ नका.

रिझर्व्ह बँकेनं 2016 च्या नोव्हेंबरात आणि पुन्हा जानेवारी 2018 मध्ये जाहीर केलं की सगळी नाणी खरी आहेत. दुसऱ्या पत्रकात तर स्पष्ट सांगितलं, की दहाच्या नाण्याची आजवर 14 रूपं निघाली आणि ती सगळीच चालतात. 14440 या नंबरवर फोन करून खात्री करून घ्यायचीही सोय केली. पण जे समजावायला 14 चित्रं दाखवावी लागतात, ते अफवेपुढे कसं टिकणार?

आमच्या घरात याचा चटका बसला तो आईला. आप्पा गेल्यावर घरच्या म्हशीच्या दुधाचे पैसे तिचे तिनं ठेवायचे असं ठरलं होतं. दहाची नाणी ती एका बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. एका सकाळी डबा घेऊन ती नातवंडांना कपडे घ्यायला बाजारात गेली. दुकानदारानं नाणी बघितली आणि सरकवून दिली. "आज्जी, ही नाही चालत. नडियंगिल्ला." तिनं दुसऱ्या दुकानात विचारलं. तिथेही तेच.

ती घरी आली आणि डबा कट्ट्यावर ठेवून गप्प बसली. 63 नाणी होती, म्हणजे 630 रुपये. रक्कम मोठी नव्हती. पण आयुष्यभर दुकानदाराच्या घरात राहिलेल्या, कुणाचा एक रुपया न बुडवलेल्या बाईला तिचे पैसे खोटे आहेत असं भर बाजारात ऐकावं लागलं होतं. मी बेळगावहून गेले, तिला घेऊन बँकेत गेले. पहिल्या खिडकीवर नकार मिळाला. मग मी कायद्याचं बोलले. 2011 च्या नाणे कायद्यानुसार रुपयापासून वरची नाणी एका वेळी 1000 रुपयांपर्यंतच्या देण्यात कायदेशीर चलन आहेत. दुसऱ्या खिडकीवरच्या माणसानं शांतपणे 63 नाणी मोजून घेतली. त्यातलं एक आईनं परत मागून घेतलं. बाबासाहेबांचं.

बाहेर आल्यावर मला त्या कपडे दुकानदाराचा शब्द आठवत राहिला. मराठीत आपण नाणं चालतं म्हणतो, कन्नडमध्येही नाणं 'नडेयतं', म्हणजे चालतंच. दोन्ही भाषांना एकच गोष्ट ठाऊक आहे. पैसा पायानं मोठा होतो. बसला की संपला.

पेटीत बसलेली नाणी

आज स्मृतिनाणी निघत नाहीत असं मुळीच नाही. उलट जोरात निघतात. 28 मे 2023 ला नव्या संसद भवनाचं 75 रुपयांचं नाणं निघालं. 35 ग्रॅम वजन, 44 मिलिमीटर व्यास, निम्मी चांदी. एप्रिल 2024 मध्ये रिझर्व्ह बँकेला 90 वर्षं झाली म्हणून 90 रुपयांचं नाणं, शुद्ध चांदीचं, 40 ग्रॅमचं. गुरू नानकांच्या 550 व्या जयंतीला 550 रुपयांचं. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराला हजार वर्षं झाली तेव्हा, 2010 मध्ये, हजार रुपयांचं.

गंमत बघा. 75, 90, 550 हे आकडे पैशांचे राहिलेलेच नाहीत, ते वयाचे आकडे झाले आहेत. ही नाणी बाजारात येत नाहीत. टांकसाळीकडे मागणी नोंदवायची, नाण्यावर लिहिलेल्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त पैसे भरायचे, आणि मखमली पेटीतून नाणं घरी यायचं. ते सुंदर असतं, यात शंका नाही. पण मघाशी सांगितलेल्या जोडीतलं मोठं नाणं तेवढं उरलं, लहान नाणं मागे पडलं. तिजोरीतलं राहिलं, कनवटीचं गेलं.

अपवाद आहेत. स्वातंत्र्याच्या अमृतमहोत्सवाचं चिन्ह असलेली एक, दोन, पाच, दहा आणि वीस रुपयांची नाणी जून 2022 मध्ये चलनासाठीच निघाली. पण तोवर चहावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या हातात फोन आला होता. माझा भाचा ते नाणं कधी हातात घेणार?

अमेरिकेनं 1999 ते 2008 या दहा वर्षांत 25 सेंटच्या नेहमीच्या नाण्यावर आपल्या पन्नासही राज्यांची चित्रं क्रमानं काढली. वर्षाला पाच, म्हणजे साधारण दहा आठवड्यांना एक. क्रम आधीच जाहीर, त्यामुळे गोंधळ नाही. माझी एक मावसबहीण तिकडे असते. तिच्या मुलांनी दुकानातल्या मोडीतून जमवून पन्नास राज्यांचा पुठ्ठ्याचा नकाशा भरला होता. एकही नाणं विकत न घेता. आपल्याकडेही चालत्या नाण्यांवर मोजकी, ठरलेल्या क्रमानं चित्रं आली असती, तर कदाचित हे जमलं असतं.

ताटातलं एक नाणं

भाच्यानं सगळं ऐकून घेतलं. मग नव्या पिढीचा हमखास प्रश्न आला. "आत्या, नेटवर वैष्णोदेवीच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात म्हणे!" मी त्याला सांगितलं, तुम्हालाही सांगते. जुन्या नाण्यांना लाखो देतो म्हणणारे आधी तुमच्याकडूनच फी किंवा कर म्हणून पैसे मागतात. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरूनही हे चालतं, आणि बँकेनं ऑगस्ट 2021 मध्ये याबद्दल लोकांना सावधही केलं आहे. चलनात येऊन गेलेल्या बहुतेक स्मृतिनाण्यांची किंमत त्यांच्यावर लिहिलेल्या आकड्याच्या फार वर जात नाही. त्यांचं मोल विचारायचं असेल तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारा. कुठलं नाणं कुणी, कधी, का ठेवलं, ते त्यांनाच ठाऊक असतं. आणि हो, नाणी चिंचेनं घासू नका. माझ्या आईला सांगायची माझी हिंमत नाही, पण तुमच्या आईला जरूर सांगा.

पूजा झाली. दुसऱ्या दिवशी ताट आवरताना भाच्यानं बाबासाहेबांचं दहाचं नाणं उचललं. "आज्जी, हे मी घालवून बघू?"

मला वाटलं आई नाही म्हणेल. तेवढं एक तिनं बँकेतून परत आणलं होतं. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "बघ. घेतात का विचार."

तो कोपऱ्यावरच्या टपरीवर गेला. दहा मिनिटांनी परत आला तो हातात चिक्कीच्या दोन वड्या घेऊन. म्हणाला, "काकांनी उलटं करून बघितलं. मला विचारलं, हे कुठलं रे? मी म्हटलं, बाबासाहेब. 1925 ला निपाणीत आले होते. मग त्यांनी ते गल्ल्यात टाकलं."

आईनं एक वडी मोडून अर्धी माझ्या हातावर ठेवली आणि अर्धी स्वतः तोंडात टाकली. "चाललं म्हण की," ती म्हणाली, आणि रिकामं ताट पुसायला घेतलं.